हजाराच्या आत, रोडग्यांसोबत

तर झालं असं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमचा क्लायंट ख्रिसमसच्या सुट्टीवर जातो, म्हणून आम्हीही सुट्टीवर जातो. (देवाची कृपा म्हणतात ती हीच.) मी पुण्याहून गाडी काढतो आणि घरी जातो. घर म्हणजे रिद्धपूर, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती. हिंजवडीत कुणाला सांगितलं तर "हे कुठे आलं?" असं विचारतात. हल्ली मराठी भाषा विद्यापीठ तिथे झाल्यामुळे काही जण "अच्छा, ते का!" म्हणतात, एवढीच प्रगती. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र जिथे जुळवलं, गोविंदप्रभू जिथे राहिले, ते हे गाव. महानुभावांची काशी. आमच्या घरीही दंडवत प्रणाम चालतो, आई उपदेशी आहे, म्हणजे मद्य-मांसाचा विषयच नाही.

आणि दर ३१ डिसेंबरला आम्हा पाच शाळूसोबत्यांची रोडगे पार्टी असते. गावात नाही, एका मित्राच्या संत्र्याच्या बगीच्यात. रोडगे माहीत नसलेल्यांसाठी: जाडसर कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, वरची राख झटकून, फोडून, तुपात बुडवून खायचे. सोबत वांग्याची तर्रीदार भाजी आणि वरण. पुण्यातल्या कुठल्याही थर्टी-फर्स्टच्या बुफेपेक्षा हे जेवण मोठं आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यावर वाद घालायचा नाही.

यंदा निघायच्या आधी बगीचेवाल्या मित्राचा फोन आला. "दारू आनू नको बे. वाईन आन. थे द्राक्षाची असते, थे चालते. मी बी घेईन एक गिलास."

शेवटचं वाक्य ऐकून मी गप्पच झालो. हा माणूस आयुष्यात प्यायलेला नाही. त्याचे वडील दारूने गेले, आम्ही दहावीत होतो तेव्हा. त्यानंतर त्याने शाळा, बगीचा आणि धाकट्या बहिणीचं लग्न असं सगळं एकट्याने ओढलं. त्याच्या वावरात आजवर बिअरचा कॅनसुद्धा उघडलेला नाही, आणि आम्ही कधी हट्टही केला नाही. पण फोनवर मी "हो हो, आणतो" म्हणालो आणि नेहमीप्रमाणे कठीण प्रश्न सोडून सोप्या प्रश्नाला लागलो. सोपा प्रश्न असा: हजार रुपयांच्या आत, वांग्याच्या भाजीबरोबर जाईल अशी वाईन कोणती?

यावर मी बराच वेळ घालवला. अगदी एक्सेल शीट केली. तर आधी ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे हजाराच्या आत परदेशी बाटली शोधू नका. आयात वाईनवर आपण वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लावत आलो. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला, त्यात ५ डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं शुल्क १०० टक्क्यांवर आलं आणि पुढे टप्प्याटप्प्याने उतरायचं ठरलं. तरी हिशोब करा. त्यावर राज्याचे कर, वाहतूक, आयातदाराचा आणि दुकानदाराचा नफा. इतकं सगळं भरून जी बाटली स्वस्तात मिळते तिच्यात द्राक्षासाठी किती पैसे उरले असतील? त्याच पैशात नाशिकची किंवा अकलूजची बाटली कितीतरी बरी निघते, कारण महाराष्ट्राने २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून इथल्या वाईनला करात सवलती दिल्या. म्हणजे तुमचे पैसे निदान बाटलीच्या आत तरी जातात.

(अवांतर: सुलावाले राजीव सामंत हे स्टॅनफर्डला शिकलेले आणि ओरॅकलमधली नोकरी सोडून नाशिकला परतलेले. त्यांची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. आपल्यातला प्रत्येक जण अप्रेझलच्या महिन्यात "सोडून शेती करतो" म्हणतो. कुणीतरी खरंच केली.)

दुसरी गोष्ट, ताट बघा. लोक वाईन म्हटलं की लाल घेतात, आणि लालमध्येही सगळ्यात गडद, जड. का, तर सिनेमात तशी असते. आता वांग्याच्या तर्रीदार भाजीवर कॅबर्ने सोव्हिन्याँ पिऊन बघा. लाल वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेलं टॅनिन असतं, कडक चहाने तोंड आवळतं तसं आवळणारं. ते टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही मिळून तिखटाचा जाळ वाढवतात. पहिल्या घोटातच भाजी दुप्पट तिखट आणि वाईन कडू. मग माणूस म्हणतो, "वाईन आपल्याला सूट होत नाही." वाईन सूट होते, निवड चुकलेली असते.

तिखटाला उतारा म्हणजे थोडी गोडी, थोडा आंबटपणा आणि गारवा. आपण मिरचीच्या भज्यांबरोबर दही खातो त्यातलंच तर्कशास्त्र. म्हणून शेनिन ब्लाँ. ही मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली पांढरी द्राक्षाची जात, आपल्या हवेत बऱ्यापैकी रुळलेली. सुलाची शेनिन जराशी गोडसर असते, फ्रातेल्लीचीही शेनिन मिळते. ती नसेल तर रोझे. आणि 'पोर्ट' लिहिलेली बाटली? खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोउरो खोऱ्यातली, ब्रँडी घालून मुरवलेली. आपल्याकडे त्या नावाने बहुतेक वेळा साखर घातलेली गोड लाल वाईन विकतात. खोकल्याच्या औषधाची आठवण येत असेल तर ती चूक तुमच्या जिभेची नाही.

तिसरी गोष्ट दुकानाची. आपल्याकडे 'वाईन शॉप' या पाटीखाली सगळं मिळतं, वाईन सोडून. अमरावतीत मी एका दुकानात शिरलो. काउंटरवर व्हिस्कीच्या क्वार्टरसाठी झुंबड. मी "वाईन आहे का?" विचारल्यावर दोन-तीन माना वळल्या. पोऱ्याने सगळ्यात वरच्या फळीवरून एक बाटली काढली, फडक्याने पुसली. ट्यूबलाइटच्या अगदी खाली ठेवलेली, चार वर्षं जुनी पांढरी वाईन. "जुनी आहे, जुनी चांगली असते ना?" तो म्हणाला. हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो! जुनी झाली की सुधारते अशी वाईन जगात थोडीच असते, आणि ती हजाराच्या आत मिळत नाही. स्वस्त पांढरी वाईन ताजीच प्यायची, वर्ष-दोन वर्षांत. त्यात आमच्या अमरावतीचा मे महिना. ४५ अंशांचे चार उन्हाळे त्या फळीवर काढल्यावर त्या बाटलीत काय उरलं असेल ते मला बघायचंही नव्हतं.

वर्ष वाचताना एक लक्षात ठेवा. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरला उतरतात, आपल्याकडे वाईनची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे नाशिकच्या बाटलीवर ज्या सालाचा शिक्का, त्या सालाच्या सुरुवातीचीच ती द्राक्षं. त्यामुळे डिसेंबरात त्याच सालाची पांढरी बाटली मिळाली तर डोळे मिटून घ्या. दुसरं म्हणजे दुकानात फ्रीज आहे का बघा. 'बिअर शॉपी' लिहिलेल्या दुकानात बिअर आणि वाईनच विकतात, आणि बिअरसाठी का होईना, फ्रीज असतो. मला शेवटी तिथेच मिळाली. शेनिन ब्लाँ, चालू सालाची, फिरकीच्या झाकणाची, हजाराच्या आत.

फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाईन, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कॉर्क खराब निघण्याची भानगड नाही, आणि मुख्य म्हणजे बगीच्यात ओपनर लागत नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्यात रूमवर आम्ही पाच इंजिनिअर मिळून एक कॉर्क चमच्याच्या दांड्याने बाटलीत ढकलला होता. भिंतीवरचा डाग डिपॉझिटमधून गेला. असो.

परवान्याचंही सांगायला हवं. महाराष्ट्रात प्यायला कायद्याने परवाना लागतो. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, अजून जिवंत आहे. आपण सगळे कॉलेजपासून पीत आलो आणि तो कागद किती जणांनी पाहिलाय? त्याच कायद्याखाली शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि आमच्या जिल्ह्यात गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज दोघांनीही कीर्तनांतून, भजनांतून आयुष्यभर दारूवर कोरडे ओढले. हे सगळं ज्या मातीत मुरलंय तिथे मी बाटली घेऊन निघालो होतो.

आता कठीण प्रश्न.

बाटली गाडीत ठेवली आणि एक्सेलमध्ये एक शेवटचा कॉलम भरला. तो आधीच भरायला हवा होता. बाटली ७५० मिली. शेनिनमध्ये अल्कोहोल १२-१३ टक्के, साडेबारा धरू. म्हणजे सुमारे ९४ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीची क्वार्टर १८० मिली, ४२.८ टक्के. म्हणजे ७७ मिली. एका वाईनच्या बाटलीत क्वार्टरपेक्षा जास्त दारू आहे. सव्वा क्वार्टर जवळजवळ. चौघांत वाटली तरी प्रत्येकाच्या वाट्याला एका लार्ज पेगला जरा कमी.

हे गणित आठवीतलं आहे. पण जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा टीव्हीवर आठवडाभर काय चाललं होतं ते आठवा. एक बाजू म्हणत होती वाईन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल. दुसरी बाजू 'मद्यराष्ट्र' म्हणत होती. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे सरकार बदललं आणि निर्णय कागदावरच राहिला. मी तेव्हा हिरिरीने पहिल्या बाजूचा होतो. दुकानात विकू द्यावी असं मला आजही वाटतं. धुळीने भरलेल्या फळीवर शिजण्यापेक्षा फ्रीजमध्ये विकली तर काय बिघडलं? पण त्यासाठी 'ती दारू नाही' असं म्हणायची गरज नाही. द्राक्षाचा शेतकरी खरा, बाटलीतलं इथेनॉलही खरं.

आणि हार्टला चांगली असते हे? तेही १९९१ पासूनचं. अमेरिकेत 'सिक्स्टी मिनिट्स' कार्यक्रमात फ्रेंच लोकांच्या हृदयाचं कोडं दाखवलं आणि लाल वाईनचा खप वाढला. पुढे त्या अभ्यासांत भोकं दिसायला लागली. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे पिणं सोडलेलेही मोजलेले. थोडी वाईन पिणारे मुळात पैशाने बरे, खाण्यापिण्याने बरे. आपल्या भाषेत, डेटा साफ न करता चालवलेली क्वेरी. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगूनच टाकलं की आरोग्याला सुरक्षित अशी अल्कोहोलची कुठलीही मात्रा नाही. मी तरी पितो, कधीमधी. चव आवडते, गप्पा रंगतात म्हणून. हृदयासाठी नाही.

संध्याकाळी बगीच्यात पोचलो. आंबिया बहाराची तोडणी उरकत आलेली, झाडाखाली गळलेली संत्री. भाव काय म्हणून विचारायची सोय नाही, बांगलादेशने आयात शुल्क वाढवल्यापासून तो विषय काढला की मित्राचा चेहरा बदलतो. त्याचा आठ वर्षांचा मुलगा गोवऱ्या आणून देत होता. मास्तर वांगी चिरत होता, बँकवाला फोनवर होता, मेडिकलवाल्याने डिकी उघडून पाहिली आणि "एकच बाटली? एकानं काय होते बे?" असं म्हणून तोंड पाडलं. फ्रीज नव्हता, लागलाही नाही. डिसेंबरात आमच्याकडे रात्री पारा १०-१२ अंशांवर उतरतो, पांढऱ्या वाईनला नेमका तेवढाच गारवा लागतो. बाटली विहिरीच्या कठड्यावर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली.

"आमच्या संत्र्याची नाई बनत का हे?" मित्राने विचारलं. बनते, म्हटलं, पण संत्र्याच्या रसात साखर दहा टक्क्यांच्या आसपास, वाईनच्या द्राक्षात बावीस-चोवीस. वरून साखर घालावी लागते, नाहीतर पाणचट होते. आणि हॉटेलात 'ऑरेंज वाईन' म्हणून मिळते तिचा संत्र्याशी काही संबंध नाही, ती पांढऱ्या द्राक्षाचीच, सालीसकट आंबवलेली. "म्हंजे तिथंबी आपलं नावच फक्त," तो म्हणाला.

रोडगे निखाऱ्यात गेल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि क्वार्टरचं गणित सांगितलं. सगळं. सव्वा क्वार्टर, लार्ज पेग, टक्केवारी.

तो काडीने राख उकरत राहिला. मग म्हणाला, "मंग मागच्या वर्षी तूच तं सांगतलं, वाईन म्हंजे दारू नसते, हार्टले चांगली असते."

सांगितलं होतं. याच जागी, याच निखाऱ्यांसमोर, पुण्याहून आलेल्या माणसाच्या ऐटीत. मी ते विसरूनही गेलो होतो. तो विसरला नव्हता. त्याने वर्षभरात ते त्याच्या आईलाही सांगून ठेवलं होतं, म्हणजे यंदा तिने काही विचारू नये. ज्या बाईने नवऱ्याच्या पायी काय काय पाहिलं, तिला माझं ते एक अर्धवट वाक्य पटवून झालं होतं.

"चुकलं माझं," म्हटलं.

"एका गिलासात एक पेग?"

"जवळपास."

"मंग मले नोको." थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही घ्या. फक्त पोरगा घरी जाऊ दे."

मुलगा आणि वहिनी पहिले रोडगे खाऊन मोटरसायलकवाल्या काकाबरोबर घरी गेले. मग झाकण फिरवलं. चौघांनी स्टीलच्या पेल्यात घेतली, बगीच्यात काचेचे ग्लास कुठून आणणार. आणि सांगायलाच हवं, वांग्याच्या भाजीबरोबर ती वाईन फार सुरेख लागली. तिखट चढायचं, मग हलकी गोडी आणि आंबटपणा यायचा आणि जीभ पुन्हा पुढच्या घासाला तयार. तुपाचा चिकटपणाही कापला जायचा. मेडिकलवाला, जो आधी नाक मुरडत होता, तोच शेवटचा घोट कुणाचा यावर भांडला. बगीचेवाल्याने स्वतःसाठी चार संत्री पिळली आणि तोच पेला आमच्या पेल्यांना लावला. त्याच्या आईला तो आता काय सांगणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

निघताना त्याने रिकामी बाटली माझ्या हातात दिली. "हे इथं ठेवू नको. सकाळी मजूर येतात."

दुसऱ्या दिवशी आई माझी थैली भरत होती. तिला ती बाटली सापडली, टॉवेलात गुंडाळलेली.

"याच्यात काय व्हतं?"

जिभेवर 'द्राक्षाचा रस' आलं होतं. खरंच आलं होतं.

"वाईन."

"म्हंजे दारूच ना?"

"हो."

तिने बाटली दोन बोटांनी धरून माझ्याकडे दिली. "गाडीत ठेव. घरात नोको," म्हणाली, आणि रिकाम्या झालेल्या जागेत संत्री भरायला लागली.